पणजीला पदं कुठे द्यायची?

गेल्या दिवाळीत काकांनी घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर जाहीर केलं की पुढच्या कुलसंमेलनात आपण नाटक करायचं, आणि तेसुद्धा संगीत. विषयही त्यांनीच ठरवून टाकला होता. माझी पणजी, म्हणजे त्यांची आजी. पंधरा दिवसांत चौदा पदं लिहून झाली, नाव ठरलं ('संगीत अन्नपूर्णा'), आणि वहीचे फोटो काढून सगळा मजकूर माझ्याकडे आला. "जरा शुद्धलेखन बघून दे गं." ब्लॉग लिहिणाऱ्या माणसाला शुद्धलेखन येतं असा आमच्याकडे अजून समज आहे.

वाचलं. शुद्धलेखन ठीकच होतं. पदंही वाईट नव्हती. काकांचा कान चांगला आहे, साकी-दिंडीच्या मात्रा ते बोटांवर न मोजता लिहितात. पण दुसऱ्या अंकात मी अडकले. नवरा अंगणात तिरडीवर आहे, पदराआड तीन वर्षांचा मुलगा आहे, आणि एकवीस वर्षांची पणजी भैरवी म्हणते आहे. चांगली तीन कडव्यांची.

दोन दिवसांनी आत्याचा फोन आला. नेहमीचं 'जेवलीस का' वगैरे काही नाही. "वाचलंस तू? आजी कधी गायली होती गं? विचार त्याला."

नातेवाइकांना हे सगळं माहीत आहे, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. पणजीचं लग्न १९१७ च्या सुमारास झालं तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि पणजोबा एकेचाळीस. बिजवर. नऊ वर्षांनी ते गेले. तिचं केशवपन झालं, अंगावर आलवण आलं, आणि तिनं सांगलीत चार घरी स्वयंपाक करून मुलाला, म्हणजे माझ्या आजोबांना, मॅट्रिकपर्यंत शिकवलं. ती वारली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. मला तिचे हात आठवतात, मनगटापर्यंत पिठाचे. आवाज फारसा आठवत नाही, कारण ती बोलायचीच कमी. गाणं तर नाहीच. आत्या तिच्याजवळ अठरा वर्षं झोपली; तिनंही कधी ऐकलं नाही. देवापुढे सुद्धा पणजी पुटपुटायची.

म्हणजे काकांना नाटक हवं आहे, आत्याला आजी हवी आहे, आणि शुद्धलेखन तपासणारी मी मधल्यामध्ये. तेव्हापासून मी एकाच गोष्टीच्या मागे लागले आहे. कुठल्या कथेत गाणी आपसूक बसतात आणि कुठल्या कथेत ती ठोकून बसवावी लागतात? आमच्याकडे संगीत नाटकांच्या पुस्तकांना तोटा नाही (आजोबांची कृपा), तेव्हा वाचत सुटले. जे सापडलं ते इथे लिहून ठेवते आहे. काकाही हा ब्लॉग वाचतात, ते चांगलंच आहे.

सुरुवात आमच्याच गावापासून. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी अप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयानं 'सीतास्वयंवर' केलं, हे शाळेत पाठ केलेलं असतं. त्या नाटकात कोण गात होतं, हे मात्र शाळेत कुणी सांगत नाही. गात होता सूत्रधार. राम, सीता, रावण, सगळ्यांची पदं तोच म्हणायचा, मागे झांजा-मृदंगवाले, आणि पद संपलं की ज्याचं त्यानं आपल्या शब्दांत चार वाक्यं बोलायची. बाकी वेळात विदूषकाच्या माकडचेष्टा आणि राक्षसांच्या आरोळ्या. पुढे शिकलेल्या लोकांनी या प्रकाराची 'अलल्लडुर्र' म्हणून टिंगल केली. पण मला त्यातला एक भाग फार शहाणपणाचा वाटतो. सीतेला गाता आलं पाहिजे अशी अटच नव्हती. सीतेनं उभं राहायचं, तिचं दुःख दुसरा कुणीतरी म्हणणार.

हे बदललं अण्णासाहेब किर्लोस्करांनी. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आलं आणि पात्रं स्वतःच गायला लागली. आज आपल्याला यात काही विशेष वाटत नाही, पण विचार करून बघा. ज्या क्षणी शकुंतला स्वतः गाऊ लागली, त्या क्षणी 'ही बाई इथे का गाते आहे?' हा प्रश्न जन्माला आला. सूत्रधार गात असताना तो कुणाला पडायचं कारण नव्हतं. शकुंतलेच्या बाबतीत तो तसा सोपा होता. कालिदासानं तिला आधीच श्लोकांत बोलायला लावलेलं, किर्लोस्करांनी श्लोकाची पदं केली. आणि चालीही कुठल्या, तर साकी, दिंडी, कामदा. कीर्तनात आणि घरातल्या बायकांच्या तोंडी असलेल्या. लोकांना गाणं ऐकतोय असं वाटायच्या आत पद संपून संवाद सुरू झालेला असायचा.

खरी परीक्षा दोन वर्षांनी, १८८२ मध्ये, 'सौभद्र'च्या वेळी झाली. इथे संस्कृत नाटक समोर नव्हतं, नुसती कथा होती. आणि या कथेची दोन रूपं आहेत. महाभारताच्या आदिपर्वात अर्जुन रैवतकाच्या उत्सवात सुभद्रेला बघतो, कृष्ण म्हणतो पळवून ने, आणि हा पळवून नेतो. खल्लास. सुभद्रेला काय वाटलं हे विचारायला कुणाला फुरसत नाही. भागवताच्या दशमस्कंधात मात्र बलराम तिला दुर्योधनाला द्यायला निघाला आहे आणि अर्जुन त्रिदंडी संन्याशाचा वेष घेऊन द्वारकेत येऊन राहतो. किर्लोस्करांनी हे दुसरं रूप उचललं. का उचललं असेल, याचा मी बराच विचार केला. पहिल्या कथेत रथ आहे, घोडे आहेत, यादवांचा संताप आहे. रंगभूमीवर आणायचं म्हटलं तर दणदणीत प्रकार. पण त्यात गायला कुणाला सवडच नाही. दुसऱ्या कथेत अर्जुन भगव्या कपड्यांत बसला आहे. समोर सुभद्रा आहे, आणि 'मी अर्जुन' एवढं सोडून बाकी सगळं त्याला बोलता येतं. मनात एक, वेष दुसराच. आता त्यानं गाऊ नये तर काय करावं?

शिवाय शेवट सगळ्यांना ठाऊक. अभिमन्यू जन्मायचा आहे म्हणजे लग्न होणारच. दुर्योधनाला ती मिळेल की काय अशी धाकधूक लागून एकही प्रेक्षक खुर्चीच्या कडेवर बसलेला नव्हता. पुढे काय होणार याची घाई नसली की माणूस मधल्या जागांवर रेंगाळतो. रात्री सुरू झालेली नाटकं उजाडेपर्यंत चालायची आणि लोक एकेका पदाला वन्समोअर द्यायचे, ते अशाच कथांमध्ये शक्य होतं. किर्लोस्करांनी कृष्ण-रुक्मिणीचा संसार तर असा रंगवला आहे की द्वारकेऐवजी सदाशिव पेठेत राहतात की काय असं वाटावं. (काका, ही तक्रार नाही.)

आता उलट उदाहरण, आणि ते एकाच लेखकाचं आहे म्हणून मला फार महत्त्वाचं वाटतं. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर. १९०७ चं त्यांचं 'कीचकवध' गद्य आहे. कीचक म्हणजे कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान, धर्मराज म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हे प्रेक्षकांना कुणी फोडून सांगावं लागत नव्हतं. सरकारलाही लागलं नाही; १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. पाठोपाठ 'भाऊबंदकी', तेही गद्य. आणि १९११ मध्ये हाच माणूस किर्लोस्कर मंडळीसाठी 'मानापमान' लिहितो. संगीत! भामिनी बालगंधर्व, चाली गोविंदराव टेंब्यांच्या.

बरं, महाराष्ट्र नाटक मंडळी गद्यवाली होती आणि किर्लोस्कर मंडळी गाणारी, तेव्हा लेखकानं दुकानाप्रमाणे माल पुरवला असं कुणी म्हणेल. थोडं तसं असेलही. पण कथा बघा. कीचकाच्या तावडीतून द्रौपदी दरबारात धावत येते, पांडव वेष बदलून समोर बसले आहेत आणि कुणी हलत नाही. तिथे तिनं एक पद म्हटलं असतं तर? प्रेक्षकांनी टाळ्या दिल्या असत्या, वन्समोअर आला असता, तिनं पुन्हा पदर सावरून म्हटलं असतं, आणि घरी जाताना लोक चाल गुणगुणत गेले असते. त्या नाटकातून लोक गुणगुणत बाहेर पडणं खाडिलकरांना परवडणारं नव्हतं. चीड पोटात घेऊन जायला हवी होती. गाणं चिडीला वाट करून देतं, निचरा होतो.

'मानापमान'मध्ये याउलट. श्रीमंताची मुलगी भामिनी गरीब सेनापती धैर्यधराचा अपमान करते, मग वनमाला म्हणून साधा वेष घेऊन त्याच्याजवळ जाते आणि हळूहळू त्याच्यावर जीव जडतो. पुन्हा वेषांतर! पुन्हा 'मी कोण' हे सांगता न येणं. खाडिलकर 'सौभद्र' नीट वाचून बसले होते. आणि यात ज्याला दागिन्यांचा सोस आहे आणि मनात-बाहेर असा काही फरकच नाही, तो लक्ष्मीधर, त्याची करमणूक गद्यात. मूळ प्रयोगात ते काम गणपतराव बोडसांचं. बोडस काही गवई नव्हते, पण नट असे की गाणाऱ्यांच्या कंपनीत न गाता अर्धं नाटक खिशात घालायचे.

'संशयकल्लोळ'चंही असंच आहे. देवलांनी १८९३ मध्ये ते 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' म्हणून गद्यच लिहिलं होतं. पदं घालून ते संगीत झालं १९१६ मध्ये, म्हणजे तेवीस वर्षांनी. घातलेली पदं मुख्यतः अश्विनशेट आणि रेवतीच्या वाट्याला आली. फाल्गुनरावाचा संशय गद्यातच राहिला, तोही बोडसांनीच अजरामर केला. संशयी माणसाला थांबायला वेळ कुठला! तो पडद्याआड डोकावणार, तसबीर उलटीपालटी करून बघणार, भादव्याला दटावणार. गाणं म्हणायचं तर निदान पाच मिनिटं एका जागी उभं राहायला हवं.

खाडिलकरांनी पुढे १९२० मध्ये 'संगीत द्रौपदी' लिहिलं, गंधर्व मंडळीसाठी, मयसभेच्या डोळे दिपवणाऱ्या सेटसह. तीच द्रौपदी, तोच लेखक, तीच भर सभेतली विटंबना, आणि आता गाणारी. दोन्ही पुस्तकं मी लागोपाठ वाचली. पहिलं वाचताना अजून हाताच्या मुठी वळतात. दुसरं वाचताना मी पदांवरचे राग बघत बसले. माझं मत चुकीचं असू शकतं, वाचून पाहा.

इथपर्यंत काकांना फोनवर ऐकवलं तर म्हणाले, "अगं पण आपली गोष्ट 'कीचकवध' नाही, 'शारदा' आहे." आणि ते खरंच होतं. पणजीची गोष्ट 'शारदा'च आहे, फक्त चौथ्या-पाचव्या अंकाशिवायची.

'शारदा' १८९९ चं. गोविंद बल्लाळ देवल हे आमच्या सांगलीजवळच्या हरिपूरचे. म्हातारा भुजंगनाथ, पैशाला हपापलेला बाप कांचनभट, मध्यस्थ भद्रेश्वर दीक्षित, आणि कोवळी शारदा. पौराणिक नाही, संस्कृतातून घेतलेलं नाही, आपल्या आळीतली गोष्ट. इथे शेवट कुणालाही ठाऊक नव्हता, कारण खऱ्या आयुष्यात त्या काळी अशी लग्नं होऊनच जायची. मग यात गाणी कशी बसली? मला वाटतं शारदेमुळेच बसली. बापासमोर तोंड उघडायची सोय नाही, आईला कळतं पण तिचं चालत नाही, मैत्रिणी चेष्टा करतात. बोलण्याच्या सगळ्या वाटा बंद, म्हणून पदं. देवलांच्या चाली साध्या, शब्द घरातले, आणि त्या पोरीच्या तोंडी ते खोटे वाटत नाहीत. केशवराव भोसले पुढे मोठे गायकनट झाले, पण त्यांचं नाव आधी झालं ते लहान वयात केलेल्या शारदेमुळे.

(एक गंमत. १९२९ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा 'शारदा कायदा' म्हणून ओळखला जातो, तो हरबिलास सारडांच्या नावावरून. पण आमचे आजोबा शेवटपर्यंत मानत होते की तो देवलांच्या नाटकावरून. मी एकदा पुस्तक उघडून दाखवलं तर म्हणाले, "असेल. पण माझंच बरोबर आहे.")

त्यानंतर आठवडाभरानं आत्यानं मला एक गोष्ट सांगितली, जी तिनं कुणालाच सांगितली नव्हती. काकांनाही नाही. इथे लिहायची परवानगी मी तिच्याकडून घेतली आहे.

आत्या कॉलेजात असताना एकदा दुपारी सांगली आकाशवाणीवर 'शारदा'तलं पद लागलं. पणजी तांदूळ निवडत होती. म्हणाली, बंद कर ते. आत्यानं बंद केलं आणि विचारलं का गं आजी. बराच वेळ काही नाही. मग ताटावरून नजर न काढता पणजी म्हणाली, "मी पाहिलंय ते. लग्नाला दोन वर्षं झाली होती. यांनीच नेलं होतं." बायकांची बसायची जागा वेगळी, वर. पुरुष खाली. "तो म्हातारा मुंडावळ्या बांधून आला की हे जे हसायचे ना, वरपर्यंत ऐकू यायचं. एवढ्या माणसांत मला ते हसणं ओळखू येत होतं. शेजारच्या बायका हसत होत्या, मग मीही हसले. घरी आल्यावर म्हणाले, आवडलं का नाटक? मी म्हटलं, हो."

एवढंच. पुन्हा तांदूळ.

मी त्यानंतर 'शारदा' परत वाचलं. नाटकात दोघं सगोत्र निघतात म्हणून लग्न मोडतं, शारदा जीव द्यायला जाते, कोदंड तिला वाचवतो, आणि शंकराचार्यांच्या संमतीनं त्या दोघांचं लग्न होतं. प्रेक्षक समाधानानं घरी जातात. त्या प्रेक्षकांत माझे पणजोबाही होते. ते दुष्ट नव्हते असं सगळे सांगतात. त्यांना त्या म्हाताऱ्याशी आपलं काही नातं आहे हे कळलंच नसेल, किंवा कळून त्यांनी ते हसण्यात घालवलं असेल. एकेचाळीस वर्षांच्या माणसाला आपण म्हातारे आहोत असं कुठे वाटतं! मी स्वतः पन्नाशी ओलांडली आहे.

काकांना आत्याच्याच परवानगीनं हे सांगितलं. ते पाच मिनिटं गप्प होते, मग म्हणाले, "इथे पद पाहिजे." आणि आत्या म्हणाली, "इथे तर नकोच." मी परत पुस्तकांकडे.

मला उत्तर थोडंफार सापडलं ते 'एकच प्याला'त. गडकरी २३ जानेवारी १९१९ ला गेले आणि महिनाभरात, २० फेब्रुवारीला, गंधर्व मंडळीनं बडोद्याला पहिला प्रयोग केला. पदं गडकऱ्यांची नाहीतच, वि. सी. गुर्जरांची आहेत. सिंधू बालगंधर्व, आणि सुधाकर पुन्हा बोडसच. म्हणजे ज्याच्यावर नाटक आहे तो माणूस गात नाही! दारू, पश्चात्ताप, शपथ, पुन्हा दारू, सगळं गद्यात, कोसळत जाणारं. आणि ती त्याच्या बाजूला बसून गाते. बाळाला भरवताना गाते. ऐकणारं बाळ उत्तर देऊ शकत नाही, नवरा ऐकण्याच्या अवस्थेत नाही. आजोबा म्हणायचे, बालगंधर्वांच्या गाण्यामुळे लोक सुधाकराला विसरले. मला तसं वाटत नाही. तिच्या गाण्यामुळेच त्याचं न गाणं ऐकू येतं.

दुसरं एक आठवलं ते 'ती फुलराणी'. शॉच्या 'पिग्मॅलियन'वर (१९१३) तिकडे १९५६ मध्ये 'माय फेअर लेडी' झालं. शॉ जिवंत असेपर्यंत त्यानं कुणाला त्याचं संगीत नाटक करू दिलं नव्हतं. आधीच्या एका नाटकावर लोकांनी ऑपेरेटा केला होता त्याचा राग होता. रॉजर्स आणि हॅमरस्टाइन या पट्टीच्या जोडीनंही त्यावर डोकं चालवून नाद सोडला होता. मग लर्नर आणि लोव यांनी ते जमवलं. आपल्याकडे पु. लं.नी १९७५ मध्ये तेच मराठीत आणलं ते गद्यात, तेही गाण्याचं एवढं अंग असलेल्या माणसानं! पण गंमत बघा, जिथे तिकडची मुलगी प्रोफेसरवर चिडून गाणं म्हणते, तिथेच आपली मंजुळा ते स्वगत म्हणते. भक्ती बर्व्यांचं ऐकलं असेल तुम्ही. चाल नाही, पण यमकं आहेत, ताल आहे. म्हणजे त्या जागी साधं बोलणं पुरत नाही हे दोघांनाही कळलं होतं.

मधल्या काळातलं फार सांगत नाही. १९३३ च्या 'आंधळ्यांची शाळा'नं पदांची गर्दी कमी केली. बोलपट आले, कंपन्या बुडाल्या. साठच्या दशकात विद्याधर गोखले, कानेटकर, अभिषेकी यांनी पुन्हा बहर आणला. १९६७ चं दारव्हेकरांचं 'कट्यार काळजात घुसली' काकांचं दैवत. वसंतरावांचा खाँसाहेब त्यांनी सात वेळा पाहिला आहे. पण तिथे प्रश्नच येत नाही, कथाच गवयांची आहे. गवई गाणार नाही तर काय करणार? आमची पणजी पोळ्या लाटत होती.

मग मी काकांना घाबरत घाबरत 'घाशीराम कोतवाल'चं नाव काढलं. १९७२ च्या या नाटकात गाणी आहेत आणि भरपूर आहेत, चंदावरकरांच्या चाली आहेत, पण ती प्रामुख्यानं गर्दीची आहेत. बामणांची ती भिंत गाते, नाचते, आणि भिंतीपुढे जे काय व्हायचं ते होतं. काकांना घाशीरामचा तेव्हाचा राग अजून आहे. "म्हणजे आपल्या वाडवडिलांना तू झुलवणार रांगेत?" मी म्हटलं झुलवू नका, नुसते उभे करा. लग्नात मंगलाष्टकं म्हणायला सगळा वाडा होता. ती सुरात म्हटली असतील. न्हावी आला त्या सकाळीही कुणीतरी स्तोत्र म्हणतच असेल.

दोन महिने वादावादी झाली. ('नायिका गात नाही ते कसलं डोंबलाचं संगीत नाटक!' हे वाक्य मी निदान वीस वेळा ऐकलं.) शेवटी जे ठरलं ते असं. काकांनी सूत्रधार व्हायचं. चौदातली सहा पदं ठेवली, ती पणजीची नाहीत, सूत्रधाराची. झांज घेऊन काका म्हणणार आणि पणजीचं काम करणारी माझी भाची जवळ बसून कणीक मळणार. विष्णुदासांच्या गावचे लोक आहोत, तेवढं चालेल. थिएटरच्या प्रवेशात 'शारदा'तलंच एक पद, देवलांचं, विंगेतून. भाची वर माडीवर बसल्यासारखी उंच स्टुलावर बसेल. खालून पुरुषांचं हसणं येईल. तिला एकही शब्द नाही.

हसणार कोण, यावर अजून घोडं अडलं आहे. चुलतभावांपैकी तिघांनी करून दाखवलं. एकाचं फार नाटकी, एकाचं अगदीच क्षीण. तिसऱ्यानं केलं तेव्हा आत्या उठून आत पाणी प्यायला गेली. त्यालाच घ्यावं असं मला वाटतं, पण आत्याला अजून विचारलेलं नाही.

भैरवी काकांनी सोडलेली नाही. ती त्यांनी शेवटी नेऊन ठेवली आहे, भरतवाक्याच्या जागी. संगीत नाटक भैरवीनं संपतं, त्यावर कुणाचं काही चालत नाही. आत्या म्हणते, तेवढ्या वेळ मी बाहेर जाऊन बसेन. काका म्हणतात, दार उघडं ठेवू.

पहिली तालीम येत्या रविवारी, सांगलीच्या घरी, दुपारी तीन वाजता. तबल्याची सोय झाली आहे. कुणाकडे जुनी पायपेटी असेल तर कृपा करून कळवा. भाता फाटलेला असला तरी चालेल, मिरजेत नीट करून देणारा माणूस आहे.